भाद्रपदातला आलेख

टिकली कपाळावरून उतरून दंडावर जाऊन बसली, त्याला आता सात-आठ वर्षं झाली होती. सरकारी कागदावर तिचं नाव 'ऋतुमापक' होतं, पण असली नावं कागदावरच शोभतात. चण्याच्या डाळीएवढी, कातडीच्या रंगाची चकती, दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. अमरावतीच्या बायांनी ती पहिल्यांदा हातात घेतली आणि म्हणाल्या, "अवो, ही तर टिकली!" झालं, बारसं उरकलं.

आणि अमरावतीत टिकली म्हटलं की पाठोपाठ नाव यायचं प्रणिता राजूरकर यांचं. बाई मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. वय पंचावन्नच्या घरात, आवाज खणखणीत, आणि तोंड असं की समोरचा आमदार असला तरी भीड नाही. टिकली आली तेव्हा लोक बिचकले होते. बायकांच्या अडचणीचं यंत्र, ते फोनवर दिसणार, शी! बाईंनी मग गावोगाव सभा घेतल्या. देवळाच्या ओट्यावर उभं राहून पाळीवर बोलल्या. 'विटाळ नाही, विज्ञान' हे त्यांचं वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलं गेलं. लोक त्यांना ऋतुताई म्हणायला लागले, आणि बाईंना ते आवडायचं, हे खोटं कशाला सांगा.

शिकवायच्या मात्र फर्मास. वर्गात उभ्या राहिल्या की पहिलंच वाक्य, "पोरींनो, पाळी म्हणजे रक्त नव्हे." पोरी चमकायच्या.

"रक्त हा शेवट झाला. आधी काय चालतं ते बघा. मेंदूखालची एक इवलीशी ग्रंथी बीजकोशाला सांगावा धाडते. एक बीज पिकायला लागतं, आणि पिकता पिकता इस्ट्रोजेन सोडतं. त्याने गर्भाशयाच्या आत अस्तर चढतं. समजा, मांडव उभा राहतो. महिन्याच्या मध्यावर बीज बाहेर पडतं. मागे त्याची रिकामी पिशवी उरते, ती पिवळी पडते, पण वाया जात नाही हो. ती दुसरं रसायन करते, प्रोजेस्टेरॉन. हा मांडवाचा खांब. अंग थोडं कोमट होतं ते यानेच. आता गर्भ राहिला, तर तो आतून निरोप धाडतो की खांब काढू नका, मी आलोय. मग प्रोजेस्टेरॉन चढत राहतं. गर्भ नाही राहिला, तर पंधरवड्यात ती पिवळी पिशवी सुकते, खांब निघतो, मांडव खाली येतो. ती पाळी. आता मला सांगा, मांडव उतरवला म्हणून मांडववाला विटाळतो का?"

पोरी खदखदून हसायच्या, आणि हसता हसता शिकायच्या.

टिकली या दोनच गोष्टी मोजायची, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. जोडीला अंगाचं तापमान. तिच्या पोटात केसाहून बारीक सुया होत्या, त्या कातडीखालचा ओलावा चाखायच्या आणि फोनवर रोज एक ठिपका टाकायच्या. ठिपक्यांचा आलेख व्हायचा, दर महिन्याला एक चढण आणि एक उतार. तिने भलंही पुष्कळ केलं. वर्षानुवर्षं 'नाटकं करते' म्हणून ऐकून घेतलेल्या पोरींचं दुखणं आलेखात दिसलं. कुणाची थायरॉईडची गडबड सापडली, कुणाला मूल का राहत नाही ते कळलं.

पण आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचली की तिचं काय होतं ते काय सांगायला हवं? पत्रिकेबरोबर आलेख मागायला लागले. 'मुलगी एमटेक, आलेख नियमित' अशा जाहिराती आल्या. साखरपुडा झाला की मुलीचा आलेख मुलाच्या फोनला जोडून द्यायचा, ही रीतच पडली. मुलाचं काही मोजायचं यंत्र कुणी मागितलं नाही, आणि कुणी केलंही नाही. बाईंना एका सभेत याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "गोत्र पाहण्यापेक्षा हे बरं. निदान खोटं तरी नाही."

बाईंचा एकुलता एक मुलगा शर्विल. इंजिनिअर. तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रात पवनचक्क्या उभारल्या होत्या, तिथल्या लोखंडी फलाटावर त्याची नोकरी. सहा-सहा महिने पाण्यात, पंधरवड्यातून एकदा किनाऱ्यावर आला की तेव्हा काय ते फोनवर बोलणं. वैशाखात त्याचा साखरपुडा झाला परतवाड्याच्या मिहिका पांगारकरशी. तिच्या वडिलांचं, संदीपरावांचं, चष्म्याचं दुकान. पोरगी फिजिओथेरपिस्ट, हसरी, बोलायला मोकळी. साखरपुडा झाला, आलेख जोडला, आणि आठवड्याभरात शर्विल समुद्रावर गेला तो गेलाच. लग्न मार्गशीर्षात ठरलं.

मधे आला भाद्रपद, आणि राजूरकरांकडच्या महालक्ष्म्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी अमरावतीत कुणालाच माहीत नव्हती. बाईंच्या घरी महालक्ष्म्यांचं सोवळं कडक होतं. आणि पाळणारं दुसरं कुणी नव्हतं, सासू जाऊन जमाना झालेला. पाळत होत्या त्या स्वतः ऋतुताई. खूप वर्षांपूर्वी, ऐन महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी त्यांना पाळी आली होती. तेव्हा नव्या विचारांचं वारं डोक्यात होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तसाच स्वैपाक केला, तसाच नैवेद्य दाखवला. त्याच महिन्यात नवरा गेला. चालता-बोलता, दुकानातून येताना, हृदय बंद पडून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे बाईंना कळत होतं. एकापाठोपाठ घडलं म्हणजे एकामुळे घडलं असं नाही, हे त्या दहावीच्या पोरींना दरवर्षी शिकवायच्या. पण पुढच्या वर्षापासून महालक्ष्म्यांच्या आधी त्या पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायला लागल्या, ती त्यांची स्वतःची पाळी कायमची थांबेपर्यंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तर त्या वर्षी बाईंनी मिहिकाला महालक्ष्म्यांना बोलावून घेतलं. घरात कुमारिका जेवायला लागते. "पुढच्या वर्षी तू सवाष्ण म्हणून बसशील," बाई कौतुकाने म्हणाल्या, "या वर्षी माझी कुमारिका हो."

मिहिका हो म्हणाली, आणि मग हळूच म्हणाली, "पण काकू, माझी तारीख नेमकी तेव्हाच येऊन राहिली."

बाईंनी कपाट उघडलं आणि लागलीच तर म्हणून आणून ठेवलेली गोळ्यांची पट्टी काढली. हात जरा थांबला, नाही असं नाही. "तीन दिवस आधीपासून सुरू कर. विसर्जन झालं की बंद."

मिहिका पट्टीकडे पाहतच राहिली. "काकू, तुम्ही? अहो, आमच्या शाळेत तुमचं भाषण झालं होतं. तेव्हापासून मी आईला लोणच्याची बरणी शिवून दाखवायची."

"अगं, ती भाषणं वेगळी, घर वेगळं." बाई ओशाळून हसल्या. "माझ्या मनाची एक गाठ आहे, समज. आणि हे बघ, कुठे बोलू नकोस. ऋतुताईंच्या घरी गोळ्या घेतात म्हटलं तर लोक मला उभी चिरतील."

पोरीने मान डोलावली. होणाऱ्या सासूचं गुपित आपल्याला कळलं, याचा तिला थोडा आनंदच झाला असेल.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वरती फुलोरा. बाईंनी कुमारिकेचे पाय धुतले, कुंकू लावलं. जेवणं उरकल्यावर मागच्या अंगणात हात वाळवत मिहिकाने फोन पाहिला आणि फिस्सकन हसली. "काकू, हे बघा! टिकली मला आई करून राहिली!"

आलेखावर गुलाबी ठिपका होता. खाली लिहिलं होतं, 'गर्भाची शक्यता'.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि त्याही हसल्या. त्यांना पाहताक्षणी कळलं. गोळीतलं रसायन प्रोजेस्टेरॉनचंच सावत्र भावंड. मांडवाचा खांब निघायच्या बेतात होता, तिथे गोळीने दुसरा खांब टेकवला होता. टिकलीला खरा खांब आणि टेकू यातला फरक ओळखता येत नव्हता. पंधरवडा उलटून गेला तरी चढण उतरत नाही, अंग कोमट आहे, म्हणजे तिच्या हिशेबाने गर्भ. "बावळट आहे ती," बाई म्हणाल्या. "गोळी बंद केली की येईल भानावर."

दोघी त्यावर पुष्कळ हसल्या. विसर्जन झालं, गोळी बंद झाली, टेकू निघाला. गोळीनंतर यायची तशी जोरात पाळी आली. टिकली भानावर वगैरे काही आली नाही. तिने आपल्या बुद्धीप्रमाणे गुलाबी ठिपक्यापुढे काळा ठिपका टाकला आणि खाली लिहिलं, 'गर्भहानी'.

पुढच्या आठवड्यात शर्विल किनाऱ्यावर आला, आणि त्याने आलेख उघडला.

बाई सकाळी भेंडी चिरत होत्या तेव्हा त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "आई, मिहिकाचा आलेख पाहिलास? मी वैशाखापासून इथे आहे, आई. वैशाखापासून!"

विळीवरचा बाईंचा हात थांबला.

"मी तिला विचारलं. ती म्हणते, गोळ्या घेतल्या होत्या. पाळी पुढे ढकलायच्या. आणि म्हणते, तू दिल्यास. तूच म्हणे! आई, तू दिल्यास?"

त्याच आठवड्यात बाईंचं नाव सरकारच्या समितीवर आलं होतं. टिकली सगळ्या शाळकरी मुलींना सक्तीची करावी का, ते ठरवणारी समिती. पेपरात मुलाखत छापून आली होती, फोटोसकट. 'यंत्र चुकत नाही, चुकतात ती माणसं', असा मथळा. आता हो म्हणायचं म्हणजे एका दमात दोन गोष्टी कबूल करायच्या: ऋतुताई विटाळ पाळते, आणि टिकली एका गोळीने फसते. पण समोर पोटचा पोर होता, आणि पलीकडे एक निर्दोष पोरगी. एवढं सगळं बाईंना एका क्षणात कळलं. जीभ मात्र त्याच्या आधी हलली.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी देईन गोळ्या?"

बघा, खोटं एक अक्षर नाही. नुसतं विचारलं.

"तेच म्हटलं मी तिला!" शर्विल म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "म्हटलं, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतंस तर पटलं तरी असतं. माझी आई? अगं, माझी आई!" आणि त्याने फोन ठेवला.

'अरे, थांब' हे बाईंच्या ओठांवर आलं होतं, हे खरं. पण थांबवायला तो होता कुठे? संध्याकाळी फोन करून सांगू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, असलं बोलणं समोरासमोर बरं. मग वाटलं, समितीची पहिली बैठक होऊन जाऊ दे. खरं बोलायला एकदा उशीर झाला की रोज थोडा थोडा वाढतच जातो, आणि रोज त्याला नवं कारणही सापडतं.

मिहिका आली ती एकटीच. चेहरा उतरलेला, पण डोळे कोरडे. बाईंनी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"काकू, मला दुसरं काही नको. माझ्यासमोर शर्विलला फोन लावा. 'मी दिल्या' म्हणा. दोन शब्द. त्यानंतर त्याला लग्न करायचं नसेल तर नको करू दे."

"रक्त तपासून घे ना, सगळं स्पष्ट होईल," बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"तपासलं. गर्भाची काही खूण निघाली नाही. तर डॉक्टर म्हणाल्या, आता कशी निघेल, पडून गेला नं! गोळीचा अंश शोधा म्हटलं, तर तो दोन-तीन दिवसांत निघून जातो. तुम्हाला माहीत आहे हे. तुम्हीच शिकवता." ती थोडी पुढे झुकली. "काकू, आपण दोघी हसलो होतो यावर. मागच्या अंगणात. आठवते ना?"

बाईंना सगळं आठवत होतं. त्या उठल्या, बसल्या, पदर सारखा केला. मग अगदी मायेने म्हणाल्या, "हे बघ बेटा, तू काळजी करू नकोस. मी शर्विलला समजावते. सांगते त्याला, झालं गेलं गंगेला मिळालं. तरुण वय असतं, चूक होते माणसाकडून. तो माझ्या शब्दाबाहेर नाही. मार्गशीर्षातलं लग्न मार्गशीर्षातच होईल, बघ तू."

मिहिकाने विचारलं, "तुम्ही मला माफ करून राहिल्या, काकू?"

बाईंनी तिने न घेतलेलं पाणी पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"जे मी केलंच नाही, ते पोटात घालून राहिल्या? आणि मी जन्मभर या घरात उपकाराखाली वावरायचं? शर्विल माझ्याकडे पाहील तेव्हा तेच पाहील, आणि तुम्ही शेजारी बसून पोळ्या वाढाल?" ती उभी राहिली. "नको. तुमची माफी तुम्हालाच लागेल, ठेवा."

तिने दंडावरची टिकली नखाने उचकटली, टेबलावर ठेवली आणि चालती झाली. कातडीवर लाल वळ उठला होता.

सोयरीक मोडली. शर्विलने आलेखाची जोडणी काढली नाही. त्याच्या डोक्यातच आलं नसेल, किंवा हात धजला नसेल. अमरावती-परतवाड्यात मात्र बातमी चार पायांनी धावली. 'कुमारिका म्हणून जेवायला बसली होती म्हणे, आणि पोटात हे!' अशी ती तोंडातोंडी झाली. बाया राजूरकरांकडे येऊन हळहळायच्या. "वाचलात हो प्रणिताताई, वेळेवर कळलं. टिकलीने घर वाचवलं बघा तुमचं." बाई म्हणायच्या, "जाऊ द्या, लेकीच्या जातीचं नाव कशाला काढायचं?" बाया बाहेर पडल्यावर म्हणायच्या, काय मन आहे बाईचं! एवढं होऊन वाईट शब्द नाही. ही स्तुती बाईंच्या कानावर यायची, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही.

दिवाळीनंतर बंगळूरहून डॉक्टर कुरियन यांचा फोन आला. टिकली ज्या प्रयोगशाळेत जन्मली तिथल्या त्या प्रमुख. मूळच्या केरळच्या, मितभाषी बाई. पडद्यावर त्यांनी महाराष्ट्राचा नकाशा लावला होता.

"ऋतुताई, मला तुमची मदत हवी आहे. हे पाहा. भाद्रपदातल्या एकाच आठवड्यात विदर्भ-मराठवाड्यात हजारो गर्भ पडलेत. मागच्या वर्षीही असंच झालं, त्याच्या मागच्या वर्षीही. आम्ही पाणी तपासलं, फवारणीची औषधं तपासली. हाती काही नाही. एवढ्या बायकांचं एकाच वेळी असं कसं होईल? तुम्ही तिथल्या. त्या दिवसांत तुमच्याकडे असं काय असतं?"

बाईंनी नकाशा पाहिला. गावागावांवर काळे ठिपके दाटले होते. हजारो मिहिका. त्यातल्या कितीजणींना सासरी विचारलं गेलं असेल, कितीजणी 'नाही हो' म्हणून रडल्या असतील, आणि कितीजणींना खरंच वाटलं असेल की आपल्या पोटातलं काही गेलं. एवढ्या गर्भांचं सुतक, आणि गर्भ एकही नव्हता.

उत्तर जिभेवर तयार होतं. विज्ञानाच्या बाईला विज्ञानाचा प्रश्न विचारला होता, आता गप्प राहणं शक्य नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं. महालक्ष्म्या, सोवळं, गोळी, खांब आणि टेकू. फार नेमकं, फार सुंदर समजावलं. आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणाल्या, "काय करणार डॉक्टर, खेड्यापाड्यांतल्या अडाणी बाया. अजून अंधश्रद्धा जात नाही."

कुरियननी पडद्यावर काहीतरी पाहिलं. "पण सगळ्यात दाट नोंदी शहरांतल्या आहेत. डॉक्टर, प्राध्यापक, शिक्षिका."

"हो का?" बाई म्हणाल्या.

कुरियन हुशार बाई होत्या. त्यांनी वर पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही.

दोन महिन्यांत नवी टिकली आली, खरा खांब आणि टेकू वेगळा ओळखणारी. शोधनिबंधात बाईंचं नाव मानाने छापलं गेलं. जुन्या नोंदी झाडून पुसल्या, आणि ज्यांच्या ज्यांच्या फोनवर तो आलेख होता त्या सगळ्यांना एका ओळीचा निरोप गेला. 'आपली भाद्रपदातली गर्भहानीची नोंद चुकीची असून ती रद्द करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

गैरसोय! पण जे आलेखात होतं ते तरी पुसलं. जे तोंडातोंडी झालं होतं त्याला दुरुस्तीचा निरोप कोण धाडणार?

शर्विल किनाऱ्यावर उतरला तसा विमानाने नागपूर आणि तिथून थेट परतवाडा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. बूटही न काढता सोफ्यावर बसला.

"भेटली?" बाईंनी विचारलं.

"भेटली. चहा दिला." तो जमिनीकडे पाहत होता. "म्हणाली, मी सांगितलं तेव्हा तू आईला विचारलंस. आता यंत्राने सांगितलं तेव्हा माझ्याकडे आलास. उद्या यंत्राने परत काही वेगळं सांगितलं तर काय करशील, असं विचारलं तिने. मी चहा तसाच ठेवून उठलो, आई."

बाई त्याच्या शेजारी बसायला गेल्या. तो सरकला.

"गोळ्या कोणी दिल्या होत्या?"

"मी," बाई म्हणाल्या. एवढे महिने जो शब्द निघत नव्हता तो किती सहज निघाला. "मीच दिल्या, शरू. माझी मती फिरली होती रे."

शर्विलने ओरडायला हवं होतं. बाईंची तयारी होती त्याची. पण तो नुसता उठला, "बरं" म्हणाला आणि बॅग घेऊन निघाला. दारात वळून त्याने विचारलं, "लोकांना सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

याचं उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

माघात, नव्या टिकलीबद्दल अमरावतीत ठरलेल्या बाईंच्या सत्काराच्या दिवशी सकाळी, त्या परतवाड्याला गेल्या. सत्कार संध्याकाळी होता. मनात होतं, आधी त्या पोरीच्या पायाशी हे ओझं उतरवावं, मग संध्याकाळी शाल घ्यावी. दुकानात संदीपराव एका म्हाताऱ्याच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून पाहत होते. बाईंना पाहून ते म्हणाले, "या, बसा. हे एवढं करतो." म्हाताऱ्याचा चष्मा बसला, तो गेला. मागच्या खोलीत कुणीतरी वावरत होतं. पडद्याआड मिहिका असणार, हे बाईंना कळलं. ती बाहेर आली नाही.

बाई खुर्चीत बसल्या नाहीत. हात जोडले. "संदीपराव, मी सांगायला आले आहे. त्या गोळ्या मीच दिल्या होत्या. मिहिकाने काहीही केलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी..." पुढे त्यांना हुंदका आला.

संदीपरावांनी तो ओसरू दिला. मग ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला माहीत होतं नं, ताई."

"कुरियननी कळवलं का?"

"कोण कुरियन? पोरीने सांगितलं होतं. त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. तेवढं पुरलं आम्हाला." त्यांनी काचेवरची धूळ फडक्याने पुसली. "इथे कोणाला सांगून राहिल्या तुम्ही? या घरात कोणाला शंकाच नव्हती. जिथे माहीत नाही तिथे जाऊन सांगा. माझ्या बायकोला मार्गशीर्षातल्या एका लग्नात हळद लावायला कोणी बोलावलं नाही, तिथे सांगा. पोरीच्या दवाखान्यात दोन बायांनी हिच्या हातचा मसाज नको म्हटलं, तिथे सांगा. तुमचा आज सत्कार आहे म्हणतात. दोन्ही गावांतले सगळे असतील तिथे."

"हो," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर. माईक तुमच्याच हातात आहे." आणि ते आत वळून म्हणाले, "मिहिका, ताईंना चहा टाकतेस?"

आतून उत्तर आलं नाही. काही वेळाने बाईच म्हणाल्या, "नको, राहू द्या," आणि निघाल्या.

संध्याकाळी सभागृह तुडुंब भरलं होतं. पहिल्या रांगांत शाळेच्या मुली, मागे दोन्ही गावांतल्या झाडून साऱ्या बाया, त्यांत हळहळायला आलेल्याही होत्या, दवाखान्यातल्याही असतील. अध्यक्षांनी शाल पांघरली, श्रीफळ दिलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या. माईक बरोबर तोंडाशी होता. वाक्य तयार होतं, परतवाड्यापासून वाटभर घोकलेलं. त्यांनी घसा साफ केला. सभागृह शांत झालं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात ठेवून आधीच हसायला सुरुवात केली होती. बाई आता काय म्हणणार, ते तिला ठाऊक होतं.

"पोरींनो," बाई म्हणाल्या, "पाळी म्हणजे रक्त नव्हे."

टाळ्या पडल्या. मग बाई तासभर बोलल्या, विज्ञान आणि अंधश्रद्धा या विषयावर. फार छान बोलल्या, असं सगळेच म्हणत होते.